रत्नागिरी ते विजयदुर्ग : नांगराचा हिशेब

रत्नागिरीहून विजयदुर्ग समुद्रमार्गे सुमारे ५० किलोमीटर. शिडाची लहान नौका ताशी पाच सागरी मैलांनी चालली, तर साडेपाच तासांत पोचते. दिवाळीनंतर समुद्र निवळला की नौकेवर एक अख्खा दिवस निवांत घालवायला कोकणात याहून सोयीचा पल्ला क्वचितच मिळेल. वाटेत वारा साथीला असतो आणि मुक्कामाला आसऱ्याची जागा मिळते. मात्र हा निवांतपणा आयता येत नाही. त्याच्यामागे बराच हिशेब असतो आणि त्यातला मोठा भाग नौका चालवण्याचा नसून थांबवण्याचा असतो.

दिवसाचे दोन वारे

रात्री जमीन समुद्रापेक्षा लवकर निवते, म्हणून पहाटे वारा जमिनीकडून येतो. हे मतलई वारे. इथला किनारा साधारण उत्तर-दक्षिण असल्याने दक्षिणेला निघालेल्या नौकेला हा वारा डाव्या कुशीवर मिळतो. शिडाला असा वारा मानवतो. शिवाय तो जमिनीवरून येत असल्याने किनाऱ्यालगतच्या पाण्यावर लाट उठत नाही. रत्नदुर्ग मागे पडतो, पावस जाते आणि दहा-अकराच्या सुमारास मुचकुंदीच्या मुखाशी, पूर्णगडासमोर वारा पडतो. शीड लोंबकळू लागते. घाई नसलेल्या माणसाची ही जेवणाची वेळ.

दुपारी तापलेली जमीन समुद्रावरची हवा ओढून घेते आणि वायव्येचा वारा सुरू होतो. आता तो उजव्या हाताला, पाठीमागून येतो. आंबोळगड, जैतापूर खाडीचे मुख, माडबनचे पठार भराभर मागे सरकतात. उत्तरेकडे परतताना मात्र हाच वारा तोंडावर येतो. जाताना जो दिवस सहलीचा, तो येताना मेहनतीचा.

किल्ल्याच्या आडोशाला

वाघोटन खाडीच्या मुखाशी विजयदुर्गाचे टोक समुद्रात घुसले आहे. त्याला वळसा घालून आत शिरले की लाट मंदावते. बाणकोटसारख्या बंदरांत मुखाशी वाळूचा दांडा आडवा येतो आणि भरतीची वाट पाहावी लागते. इथे तसे नाही. रत्नागिरी जिल्ह्याच्या १८८०च्या गॅझेटियरने हे पश्चिम किनाऱ्यावरच्या उत्तम बंदरांपैकी एक मानले, ते याच कारणाने.

आत आल्यावर पहिला प्रश्न भरतीचा. कोकणात त्याचे गणित तोंडपाठ असते : तिथीची पाऊणपट म्हणजे भरतीची वेळ. चतुर्थीला तीनच्या आसपास, अष्टमीला सहाच्या. अर्धा-पाऊण तास इकडेतिकडे होतो, पण शिडाच्या नौकेला तेवढे पुरते. पौर्णिमा-अमावास्येला उधाण, म्हणजे पाणी जास्त चढते-उतरते. अष्टमीच्या आगेमागे भांग, म्हणजे फरक कमी.

समजा, ओहोटीला पोचलो आणि नौकेखाली चार मीटर पाणी आहे. साखळी सोडायची ती खोलीच्या पाचपट, हा सर्वमान्य आडाखा; नुसता दोर असेल तर सातपट. नवखा माणूस चार पंचे वीस करून मोकळा होतो. पण भरतीला पाणी दोन मीटर वाढणार आणि साखळी नौकेच्या टोकावरून, पाण्याच्या एक मीटर वरून सुटते. म्हणजे खोली सात धरायची आणि साखळी पस्तीस मीटर. वीसच मीटर सोडली तर भरतीला ती उभी ताणली जाते, नांगर वर उचलला जातो आणि घसरतो. साखळी तळाला लोळत राहिली, ओढ आडवी लागली, तरच नांगर चिखलात आणखी रुततो. पकड वजनापेक्षा या कोनावर अवलंबून असते.

हे सूत्र पुढे नेणारा माणूस खलाशांपैकी नव्हता. केंब्रिजचे भौतिकशास्त्रज्ञ जेफ्री इनग्रॅम टेलर हौशी नौकानयनपटू होते. पाण्यावर उतरणाऱ्या विमानांसाठी हलका पण घट्ट धरणारा नांगर हवा म्हणून त्यांनी १९३३ मध्ये फाळाच्या आकाराचा ‘सीक्यूआर’ नांगर आणला. आजही अनेक सहलीच्या नौकांवर तो दिसतो.

विजयदुर्गच्या पाण्यात त्याचे फार जुने पूर्वज आहेत. गोव्याच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेच्या संशोधकांना विजयदुर्ग आणि सिंधुदुर्ग परिसरात दगडी नांगर सापडले. त्यांतला एक प्रकार लांबट दगडाचा : वर दोरासाठी गोल भोक, खाली लाकडी दांडे बसवायला काटकोनातली दोन चौकोनी भोके. म्हणजे नुसत्या वजनावर भिस्त नव्हती, तळ पकडण्याचीही सोय होती. असेच नांगर ओमान आणि इराणच्या किनाऱ्यांवर मिळाले आहेत. अरबी समुद्र ओलांडणारी गलबते एकाच पद्धतीने थांबत होती.

दाटीची किंमत

आसऱ्याची जागाही घात करते. १२ फेब्रुवारी १७५६ रोजी इंग्रज अॅडमिरल वॉटसनच्या आरमाराने विजयदुर्गावर हल्ला केला, तेव्हा किल्ल्याचे धनी तुळाजी आंग्रे यांची जहाजे किल्ल्याच्या आश्रयाला दाटीने उभी होती. इंग्रजांकडूनच पूर्वी जिंकलेल्या ‘रिस्टोरेशन’वर तोफगोळा पडून आग लागली, ती एका जहाजावरून दुसऱ्यावर गेली आणि आरमार जळून गेले. लाटेपासून वाचवणारी जवळीक आगीपासून वाचवू शकली नाही.

सहलीच्या नौकेला तोफांचे भय नाही, पण अंतराचा नियम तोच आहे. भरती-ओहोटीचा प्रवाह बदलला की नौका नांगराभोवती फिरते. पस्तीस मीटर साखळीचे वर्तुळ मोठे असते आणि त्यात शेजारची होडी किंवा जाळ्याचा बोया येता कामा नये. म्हणून नांगर टाकल्यावर किनाऱ्यावरच्या दोन खुणा एका रेषेत धरायच्या, समजा बुरूज आणि त्यामागचा माड. तासाभराने त्या रेषेतून सरकल्या असतील, तर नौका नुसती फिरली की नांगर घसरला, हे पाहायचे.

उत्तरेला परतायचे तर मतलई वाऱ्यावर, म्हणजे दुपारच्या वायव्य वाऱ्याआधी शक्य तितका पल्ला गाठायचा आणि त्यासाठी अंधारातच नांगर उचलायचा. त्यामुळे संध्याकाळी जागा निवडताना अनुभवी तांडेल आडोशाबरोबरच बाहेर पडायची वाटही उजेडात बघून ठेवतो.