शेवटचा आकडा

ऊसबिलाची यादी आली की पहिली घाई एकच, फाइल उघडायची. कराडपासून वाळव्यापर्यंत कृष्णाकाठच्या विकास सोसायट्यांमधून ही घाई मी अनेक हंगाम पाहिली आहे. एका जानेवारीत ती मलाच भोवली.

यादी सीएसव्ही होती. सवयीने डबल क्लिक केलं. सभासदांच्या नावांच्या जागी टोप्या घातलेली रोमन अक्षरं, आणि खाते क्रमांकांच्या रकान्यात वरपासून खालपर्यंत '१.२३४५७ई+१५'. फॉरमॅट बदलल्यावर १६ आकडे दिसले खरे, पण प्रत्येक क्रमांकाच्या शेवटी शून्य! एक्सेल संख्येचे १५च आकडे नेमके धरून ठेवतं. सोळाव्याच्या जागी शून्य घालतं. ती फाइल तशीच सेव्ह झाली असती तर शेवटचा आकडा कायमचा गेला असता.

सेव्ह न करता फाइल बंद केली आणि नोटपॅडमध्ये उघडली. तिथे सगळं जागच्या जागी होतं: नाव, स्वल्पविराम, गाव, स्वल्पविराम, खाते क्रमांक. सीएसव्ही म्हणजे निव्वळ मजकूर. यातली संख्या कोणती, तारीख कोणती, हे त्यात कुठेही लिहिलेलं नसतं. ते एक्सेल अंदाजाने ठरवतं.

तारखांचंही तसंच. संगणक अमेरिकी पद्धतीवर असला की ५ डिसेंबरची तोड, म्हणजे ०५/१२, थेट १२ मे होते. मे महिन्यात इथल्या कारखान्यांचं गाळप संपलेलं असतं, म्हणून चूक लक्षात तरी येते. खूण आणखी एक आहे: १३/१२ला तेरावा महिना सापडत नाही, म्हणून ती तारीख मजकूर समजली जाते आणि सेलच्या डाव्या कडेला चिकटते, चुकलेल्या तारखा मात्र उजवीकडे ऐटीत बसतात.

म्हणून आता डबल क्लिक नाही. एक्सेलच्या 'डेटा' टॅबमधून फाइल आत घ्यायची, एन्कोडिंग यूटीएफ-८ निवडायचं, खाते क्रमांकाचा रकाना 'टेक्स्ट' ठेवायचा. लिब्रेऑफिस कॅल्क तर सीएसव्ही उघडतानाच हे सगळं विचारतं.

जुनी सभासद नोंदवही एक्सएलएसमध्ये आहे. त्यात एका शीटवर ६५,५३६ ओळींची मर्यादा. २००७पासूनच्या एक्सएलएसएक्समध्ये १०,४८,५७६. ही नवी फाइल खरं तर झिपचं गाठोडं. प्रत घेऊन तिच्या नावाचा शेवट '.झिप' केला की आतले फोल्डर उघडतात. त्यातल्या एका फाइलमध्ये 'वाळवा' हा शब्द एकदाच लिहिलेला असतो. शीटवर तो ४०० वेळा आला तरी प्रत्येक सेलमध्ये फक्त त्याचा अनुक्रमांक. इथे सेल मजकुराचा की संख्येचा, हेही नोंदलेलं असतं. म्हणून टेक्स्ट म्हणून ठेवलेला खाते क्रमांक पुन्हा उघडला तरी बिघडत नाही.

मूळ फाइलला मी आता हात लावत नाही, काम प्रतीवर. यादी बँकेत जाण्याआधी सचिव पासबुकं घेऊन समोर बसतात. ते क्रमांक मोठ्याने वाचतात, मी पडद्यावर बोट फिरवतो, आणि सोळाव्या आकड्यावर दोघेही क्षणभर थांबतो.