विश्लेषण : ‘प्री-मेड’चे अवघड विषय उन्हाळी सुट्टीत उरकावेत का?

अमेरिकेत मे महिन्यात विद्यापीठांना सुट्टी लागते आणि डॉक्टर होऊ पाहणाऱ्या मुलांच्या घरी एक हिशेब सुरू होतो. सेंद्रिय रसायनशास्त्र किंवा भौतिकशास्त्र उन्हाळी सत्रात संपवले, तर पुढचे वर्ष हलके जाईल का? वेळ वाचतो हे खरे, पण इथे चुकलेला एक विषय अर्जात कायमचा राहतो.

‘प्री-मेड’ म्हणजे नेमके काय?

आपल्याकडे बारावीनंतर ‘नीट’ दिली की थेट एमबीबीएस. अमेरिकेत आधी साधारण चार वर्षांची पदवी आणि मग चार वर्षांचे वैद्यकीय शिक्षण. ‘प्री-मेड’ ही स्वतंत्र पदवी नव्हे. इतिहास किंवा संगणकशास्त्र शिकणाराही पुढे डॉक्टर होऊ शकतो. मात्र जीवशास्त्र, सामान्य रसायनशास्त्र, सेंद्रिय रसायनशास्त्र आणि भौतिकशास्त्र हे विषय प्रयोगशाळेसह, साधारण एकेक वर्ष केलेले असावे लागतात. अनेक ठिकाणी जीवरसायनशास्त्रही लागते.

अडचण क्रमाची आहे. सामान्य रसायनाशिवाय सेंद्रिय नाही, सेंद्रियशिवाय बहुतेक ठिकाणी जीवरसायन नाही. एक कडी निसटली की पुढचे सगळे वर्षभर लांबते. उन्हाळी सत्राचा खरा उपयोग ही कडी जोडून घेण्यासाठी.

सत्र किती धावते?

नेहमीचे सत्र साधारण १५ आठवड्यांचे. त्यातील ४५ तासांची व्याख्याने पाच आठवड्यांत बसवली, तर आठवड्याला नऊ तास होतात. आठवड्याला तीन तासांची प्रयोगशाळा धरली, तर तिचेही नऊ तास. व्याख्यानाच्या प्रत्येक तासामागे घरी दोन तास अभ्यास हा नेहमीचा अंदाज लावला, तर आणखी १८. म्हणजे एकाच विषयाला आठवड्याला ३६ तास! एक दिवस ताप आला, तर नेहमीच्या सत्रातले तीन दिवस बुडाले असे समजावे. सोबत पूर्णवेळ नोकरी किंवा दुसरा विज्ञान विषय घेणे हे धाडसच.

उलट बाजूही आहे. एकाच विषयात बुडून अभ्यास करणाऱ्यांना हा वेग मानवतो. सेंद्रिय रसायनातल्या अभिक्रिया रोज हाताखालून गेल्या की विसरायला वेळच मिळत नाही.

गुण कमी पडले तर?

बहुतेक एमडी महाविद्यालयांचे अर्ज ‘एएमसीएएस’ या सामाईक यंत्रणेतून जातात. कोणत्याही कॉलेजात, कोणत्याही सत्रात घेतलेला विषय तिथे दाखवावाच लागतो. पुन्हा बसून चांगली श्रेणी मिळवली, तरी जुनी श्रेणीही सरासरीत धरली जाते. शिवाय जीव, रसायन, भौतिक आणि गणित यांची सरासरी वेगळी काढली जाते.

समजा, एखादीचे विज्ञानाचे १६ क्रेडिट ३.७५ सरासरीने झाले आहेत. उन्हाळ्यात सेंद्रियच्या आठ क्रेडिटना ‘सी’, म्हणजे २.०, मिळाला तर सरासरी थेट ३.१७ वर येते. अलीकडच्या वर्षांत प्रवेश मिळवणाऱ्यांची एकूण सरासरी ३.७ च्या पुढे आहे. दोन महिन्यांची ही घसरण भरून काढायला पुढची दोन वर्षे जातात.

मग हा मार्ग कुणासाठी?

वैद्यकीयचा निर्णय उशिरा घेतलेले, नोकरी सोडून आलेले, खेळाडू, अभियांत्रिकीच्या गच्च वेळापत्रकात अडकलेले किंवा एक सत्र परदेशी जाणारे विद्यार्थी यांना उन्हाळा मोलाचा ठरतो. एखादा विषय उन्हाळ्यात केला म्हणून सहसा कुणी नाक मुरडत नाही. पण सगळेच अवघड विषय सुट्टीत आणि तेही दुसऱ्या, सोप्या समजल्या जाणाऱ्या कॉलेजात केले, तर प्रवेश समितीला प्रश्न पडणे स्वाभाविक आहे.

सुट्टीची आणखीही किंमत असते. रुग्णालयातला अनुभव, डॉक्टरांसोबत राहून कामाचे निरीक्षण, संशोधन, ‘एमकॅट’ची तयारी हे सगळे याच महिन्यांत करायचे असते.

पैसे भरण्यापूर्वी काय तपासावे?

घराजवळच्या कम्युनिटी कॉलेजात शुल्क बरेच कमी असते. मात्र तिथले क्रेडिट आपले विद्यापीठ स्वीकारेल का, हे आधी लेखी विचारून घ्यावे. काही वैद्यकीय महाविद्यालये कम्युनिटी कॉलेजातले विषय किंवा ऑनलाइन प्रयोगशाळा कमी महत्त्वाच्या मानतात, तर काहींना चालतात. नियम प्रत्येकाच्या संकेतस्थळावर असतात. भारतातून शिकायला गेलेल्यांनी आणखी एक गोष्ट पाहावी : अनेक महाविद्यालये परदेशी विद्यार्थ्यांना घेतच नाहीत.

तारखाही जुळवाव्या लागतात. वैद्यकीय प्रवेशाचे अर्ज मेअखेर किंवा जूनच्या सुरुवातीला पाठवता येतात आणि लवकर पाठवणाऱ्याला फायदा होतो. त्या वर्षीच्या उन्हाळी विषयाची श्रेणी तेव्हा हाती नसते. अर्जात तो विषय ‘सुरू आहे’ एवढेच दिसते. श्रेणी अर्जाच्या वेळी दिसायला हवी असेल, तर त्याआधीचा उन्हाळा गाठावा लागतो.