आधी होल्स्टर, मग हत्यार

‘मेजर, लायसनची फाईल टाकलीय. कोणतं घेऊ ते सांगा.’ राजूरच्या बाजारात, डांगी जनावरांच्या प्रदर्शनात, अगदी लग्नाच्या मांडवातसुद्धा मला हे विचारलं जातं. मी फौजेत ईएमईचा आर्मरर होतो, म्हणजे जवानांची हत्यारं दुरुस्त करणारा कारागीर. निवृत्त होऊन गावी आलो आणि हत्याराचं काहीही असलं की मेजरला विचारा, असं ठरूनच गेलं. विचारणारे बहुतेक रोकड घेऊन फिरणारे असतात: व्यापारी, पंपवाले, ठेकेदार. मी त्यांना उलट विचारतो, ‘शेठ, बांधणार कुठं? आणि कशात?’ याचं उत्तर सहसा कुणाकडं नसतं. नळी किती लांब, गोळी किती लांब जाते, हे सगळं त्यांनी पाहिलेलं असतं. पण सकाळी आठपासून रात्री दहापर्यंत ते वजन कमरेला कसं राहणार, मोटारसायकलवर बसताना त्याचं तोंड कुणाकडं असणार, घरी आल्यावर ते कुठं जाणार, याचा विचार झालेला नसतो. माझ्या मते हत्याराची निवड तिथूनच सुरू होते.

बिबट्याचं आधी सांगून टाकतो, कारण आमच्या अकोले तालुक्यात तो विषय निघतोच. उसात बिबट्या आहे हे खरं, माणसं घाबरलेली आहेत हेही खरं. पण .३२ बोअरच्या रिव्हॉल्व्हरने अंधारात, धावत्या जनावरावर गोळी लागणं अवघड. आणि लागून ते जखमी झालं, तर त्या रात्री त्या वस्तीवर आधीपेक्षा मोठा धोका उभा राहतो. शिवाय १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात बिबट्या पहिल्या अनुसूचीत आहे. पीकसंरक्षणाचा परवाना ही वेगळी गोष्ट आणि त्यावरची बंदूकही वेगळी. कमरेला लावायचं हत्यार बिबट्यासाठी मागू नका.

हत्यार माणसाच्या भीतीने मागत असाल, तर ती भीती नेमकी कशाची ते घरात बसून बोला. रोकड नेण्याची वेळ रोज तीच आहे का? सोबत दुसरा माणूस नेता येईल का? पैसे खात्यावर घेता येतील का? या तीन प्रश्नांवरच कित्येकांची गरज मिटते, आणि मिटली तर मला फार बरं वाटतं. ज्याची मिटत नाही, त्याच्यासाठी पुढचं.

बाजारात मिळतं काय? ९ मिमी, .३८, .४५ ही फौज-पोलिसांची बोअर. साध्या नागरिकाला ती बंद. म्हणून आपल्याकडं सगळं .३२ भोवती फिरतं. परदेशी हत्यारांची खासगी आयात १९८०च्या दशकात थांबली, त्यामुळं जुनी वेब्ली किंवा ब्राउनिंग हातोहात विकली जाते आणि नव्या देशी हत्यारापेक्षा महाग पडते. मी जुन्याच्या मागं लागू नका म्हणतो. नाव मोठं असलं तरी आतल्या स्प्रिंगा आणि झिजलेले खटके पन्नास-साठ वर्षांचे असू शकतात.

देशी हत्यारांत सरकारी कारखान्यांची रिव्हॉल्व्हरं आहेत. कानपूरहून २०१४ साली ‘निर्भीक’ आलं, टायटॅनियम मिश्रधातूचं, वजन अर्धा किलो, किंमत तेव्हा १ लाख २२ हजार ३६० रुपये. दिल्लीतल्या २०१२च्या सामूहिक बलात्काराच्या घटनेनंतर स्त्रियांसाठी म्हणून त्याचा गाजावाजा झाला. पण वजन घटलं की धक्का वाढतो, हे जाहिरातीत नसतं. हलकं हत्यार दिवसभर बाळगायला सोपं आणि चालवायला अवघड. ज्याच्या मनगटाला सराव नाही त्याची दुसरी गोळी कुठं जाईल सांगता येत नाही. इशापूरचं ‘निडर’ .२२चं, आणखी हलकं, जेमतेम पाव किलोचं. २०२३ साली ‘प्रबल’ आलं, काडतुसं सोडून वजन सुमारे ७०० ग्रॅम, सिलिंडर बाजूला उघडणारं. आधीची देशी रिव्हॉल्व्हरं मधून मोडून उघडावी लागत. ‘प्रबल’चा पन्नास मीटरचा पल्ला लोक कौतुकाने सांगतात. मला त्या पल्ल्याचं काही वाटत नाही. स्वतःला वाचवायची वेळ येते ती चार-पाच पावलांवर. बाजूला उघडणारं सिलिंडर मात्र मला आवडतं, कारण हत्यार भरलेलं आहे की रिकामं ते डोळ्यांना लगेच दिसतं.

रिव्हॉल्व्हर की पिस्तूल, यावर माझं मत पक्कं आहे: नवख्या माणसाने रिव्हॉल्व्हर घ्यावं. ‘अशनी’सारखं .३२ पिस्तूल चपटं असतं, कपड्याखाली छान लपतं, मॅगझिनमुळं भरायलाही सोपं. पण मॅगझिन काढलं म्हणजे पिस्तूल रिकामं झालं असं नवख्याला वाटतं, आणि एक गोळी चेंबरमध्ये बसलेली असते. साफ करताना झालेल्या अपघातांच्या मुळाशी बहुतेक वेळा हीच एक गोळी असते. रिव्हॉल्व्हरमध्ये सिलिंडर उघडलं की सहाही घरं समोर. काडतूस फुसकं निघालं तर पुन्हा चाप ओढायचा, पुढचं घर येतं. आणि घोडा न चढवता ओढायचा तो लांब, जड चाप घाईत चुकून ओढला जाण्याची शक्यता कमी करतो. आणखी एक गोष्ट दुकानात विचारून घ्या: रिव्हॉल्व्हर आणि पिस्तूल दोन्ही .३२ म्हणवतात, पण काडतुसं निराळी. एकाचं दुसऱ्यात चालत नाही.

आता होल्स्टर. लाखाचं हत्यार घेणारा माणूस इथं दोनशे रुपयांचं नायलॉनचं पाकीट घेतो. ते पाकीट ढिलं असतं, एका दणक्यात आतलं हत्यार बाहेर येतं. चांगल्या होल्स्टरने पहिलं काम करायचं ते चाप पूर्ण झाकायचं. चापाभोवतीची कडी उघडी असेल तर गाडीची चावी, शर्टाचं टोक, लहान पोराचं बोट, काहीही आत जाऊ शकतं. दुसरं, हत्यार घट्ट बसलं पाहिजे. घरी हत्यार रिकामं करा, स्वतः दोनदा बघा, होल्स्टरमध्ये घाला, अंथरुणावर होल्स्टर उलटं धरून हलवा. पडलं तर ते होल्स्टर टाकून द्या. तिसरं, हत्यार काढल्यावर तोंड उघडं राहिलं पाहिजे. मऊ पाकिटाचं तोंड मिटतं, मग हत्यार परत ठेवताना माणूस दुसऱ्या हाताने ते फाकवतो आणि नळी स्वतःच्याच बोटांसमोर येते.

आमच्या भागात चौथी अट पावसाची. घाटघरला नगर जिल्ह्याची चेरापुंजी म्हणतात, आणि जूनपासून राजूरलाही कपडे वाळत नाहीत. चामड्याचं होल्स्टर दिसायला देखणं, अंगाला मऊ, पण पाणी प्यायलं की धरून ठेवतं. ओल्या चामड्यात ठेवलेल्या हत्यारावर दोन दिवसांत तांबूस ठिपके येतात आणि पितळेच्या काडतुसांवर हिरवा थर चढतो. तसं काडतूस सिलिंडरमध्ये अडकतं. म्हणून पावसाळ्यात मी कडक प्लास्टिकचं, त्याच हत्याराच्या मापाचं होल्स्टर सुचवतो. चामडंच हवं असेल तर रात्री हत्यार त्यात ठेवू नका. आणि रोज नाही तरी भिजलं त्या दिवशी पुलथ्रू, म्हणजे नळी साफ करायची दोरी, फिरवा, चिंदीने कोरडं करा, तेलाचा हात अगदी पातळ द्या. जास्त तेल काडतुसात उतरलं तर तेही फुसकं निघतं.

बांधायचं कुठं? उजव्या हाताच्या माणसाने उजव्या कमरेला, हाडाच्या किंचित मागं. पाठीच्या मधोमध बांधायची हौस काहींना असते. राजूर-भंडारदऱ्याच्या रस्त्यावर मोटारसायकल घसरली आणि तुम्ही पाठीवर पडलात तर ते लोखंड थेट मणक्याखाली येतं. पोटावर बांधलं तर वाकताना, बसताना नळी मांडीकडं रोखलेली राहते. बगलेतलं होल्स्टर सिनेमात छान दिसतं, पण त्यातून हत्यार काढताना नळी शेजारच्या माणसावरून फिरते. पट्टा रुंद, जाड हवा. पायजम्याच्या नाडीवर सातशे ग्रॅम टिकत नाहीत. कपडे बदलायची तयारी नसेल तर हत्यारही घेऊ नका, हे मी तोंडावर सांगतो.

झाकण्याची गोष्ट फक्त सोयीची नाही. २०१६चे शस्त्र नियम सांगतात की सार्वजनिक जागी हत्यार होल्स्टरमध्ये, पूर्ण झाकलेलं आणि बाळगणाऱ्याच्या ताब्यात असलं पाहिजे. मिरवणं-दाखवणं यावर परवाना जाऊ शकतो. शस्त्र कायद्याच्या २०१९च्या दुरुस्तीने आनंदाच्या भरात केलेल्या गोळीबाराला दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही ठेवलं, आणि एका माणसाकडं दोनपेक्षा जास्त हत्यारं नकोत असंही ठरवलं. डिसेंबर २०२४मध्ये मस्साजोगचे सरपंच संतोष देशमुख यांचा खून झाला, त्यानंतर बीड जिल्ह्यातले बाराशेहून अधिक परवाने चर्चेत आले. हवेत गोळ्या झाडतानाचे व्हिडिओ लोकांनी पाहिले, आणि प्रशासनाला अनेक परवाने रद्द करावे लागले. कमरेचं रिव्हॉल्व्हर शर्टाबाहेर काढून चहाला बसणारा माणूस मला भेटला की मी त्याच्याशी हत्याराबद्दल बोलतच नाही.

आणि हत्यार पडण्याबद्दल. १ ऑक्टोबर २०२४च्या पहाटे अभिनेते गोविंदा कोलकात्याला निघण्याच्या तयारीत होते. परवान्याचं रिव्हॉल्व्हर कपाटात ठेवताना हातातून निसटलं, गोळी सुटली आणि डाव्या पायात गुडघ्याखाली लागली. हे कुणाच्याही घरी होऊ शकतं. जुन्या पद्धतीच्या रिव्हॉल्व्हरमध्ये घोडा थेट काडतुसावर टेकलेला असतो. ते घोड्यावर पडलं तर चाप न ओढताही गोळी उडते. तुमच्या हत्यारात ते अडवणारा खटका आहे का, ते दुकानदाराकडून समजून घ्या. नसेल तर घोड्याखालचं घर रिकामं ठेवा, सहाच्या जागी पाचच भरा. आणि घसरणारं हत्यार झेलायला हात पुढं करू नका, पडू द्या. झेलताना बोट नेमकं चापावर जातं.

घरी आल्यावर होल्स्टर खुंटीला नाही. हत्यार रिकामं करायचं, कुलपात ठेवायचं, काडतुसं वेगळ्या कुलपात, आणि किल्ली फक्त परवानाधारकाकडं. फेब्रुवारी २०२४मध्ये मुंबईत माजी नगरसेवक अभिषेक घोसाळकर यांच्यावर ज्या पिस्तुलातून गोळ्या झाडल्या गेल्या, ते झाडणाऱ्याच्या अंगरक्षकाचं परवान्याचं होतं. कागद एकाच्या नावावर आणि हत्यार दुसऱ्याच्या हातात, असं होऊ द्यायचं नाही. घरच्या माणसांनाही सांगून ठेवा: सापडलं तर हात लावायचा नाही, मला हाक मारायची.

सरावाचं लोक टाळतात, काडतूस महाग म्हणून. परवान्यासाठी सुरक्षिततेचं प्रशिक्षण घ्यावं लागतं, पण तेवढ्याने हात बसत नाही. जिल्ह्याच्या ठिकाणी रायफल क्लब आहेत, तिथं जा. घरी रिकाम्या हत्याराने, काडतुसं दुसऱ्या खोलीत ठेवून, होल्स्टरमधून काढणं आणि सावकाश परत ठेवणं रोज करा. बोट चापाबाहेर, सरळ. परत ठेवताना घाई कसली? धोका टळल्यावरच आपण ते परत ठेवत असतो.

निवडणुकीची आचारसंहिता लागली की पोलीस ठाण्याची नोटीस येते आणि हत्यार जमा करावं लागतं. जमा करण्याआधी ते कोरडं करून तेल लावा, काडतुसांची संख्या पावतीवर लिहून घ्या. परत आणल्यावर लगेच कमरेला बांधू नका. आधी सिलिंडर उघडून नळीत उजेड बघा, कापड फिरवा, गंज नाही याची खात्री करा, आणि मगच पट्टा आवळा.