सौजन्याचा अंक

पाणवठ्यावर दहा घागरी भरावयास आलेली बाई, एकच कळशी घेऊन आलेलीस पुढे होऊ देते. तिच्या घागरी काही रित्या राहत नाहीत. त्या थोड्या उशिरा भरतात, इतकेच. संगणकातही असाच एक शिष्टाचार पाळला जातो.

संगणकावर एकाच वेळी अनेक कामे चाललेली दिसतात. वस्तुतः प्रोसेसर प्रत्येक कामास क्षणाचा अल्पसा अंश देतो व लगेच दुसऱ्याकडे वळतो. ही पाळी इतकी वेगाने फिरते, की सर्व कामे एकदमच चालल्याचा भास होतो.

1969 साली अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत केन टॉमसन व डेनिस रिची यांनी युनिक्स या प्रणालीची उभारणी आरंभिली. त्या काळी संगणक फार महाग असत. एकाच यंत्रावर अनेक जण काम करीत. एखाद्याने प्रचंड हिशेब सुरू केला, की इतरांची कामे रेंगाळत. यावर उपाय म्हणून प्रत्येक कामास एक अंक देण्यात आला. त्यास 'नाइस' म्हणतात. या इंग्रजी शब्दाचा अर्थ भला, सौजन्यशील असा आहे.

आजच्या बहुतेक युनिक्स प्रणालींत हा अंक उणे 20 पासून 19 पर्यंत असतो. सामान्य कामाचा अंक शून्य असतो. अंक जितका मोठा, तितके ते काम इतरांना अधिक वाट देते. काम सुरू करतानाच अंक ठरवावयाचा असल्यास 'नाइस' ही आज्ञा देतात. चालू असलेल्या कामाचा अंक बदलण्यासाठी 'रिनाइस' ही आज्ञा आहे. त्यामुळे अर्धा झालेला हिशेब न थांबविता मागे सारता येतो.

यातील नियम मोठा मार्मिक आहे. सामान्य वापरकर्त्यास केवळ स्वतःच्या कामाचा अंक वाढविता येतो. तो घटविण्याचा किंवा दुसऱ्याच्या कामास हात लावण्याचा अधिकार साधारणतः व्यवस्थापकासच असतो. आपली पाळी दुसऱ्यास देण्यास कोणाची अनुमती लागत नाही. दुसऱ्याच्या पुढे जाण्यास मात्र ती लागते.

मागे सरलेल्या कामाचे यात फारसे बिघडत नाही. इतर कामे संपून प्रोसेसर मोकळा झाला, की तेच काम पूर्ण वेगाने धावू लागते. पाणवठ्यावरील गर्दी ओसरते आणि दहाही घागरी भरतात.