खुंटीवरचे ओगराळे

तुमच्या घरात ओगराळे आहे का? असणारच. लांब दांड्याचे, पितळेचे नाही तर स्टीलचे. लग्नात आले असेल, नाही तर बाजारातून आणले असेल.

आता दुसरा प्रश्न. ते ओगराळे या घटकेला कोठे आहे?

इथे पुष्कळ जण थांबतात. कोणी मांडणीकडे बघतो. कोणी म्हणतो, घासायच्या भांड्यांत असेल. कोणी म्हणतो, सणाच्या भांड्यांबरोबर माळ्यावर ठेवले आहे. म्हणजे ओगराळे घरात आहे, पण हाताशी नाही. या पाठात आम्हांला एवढ्याचबद्दल बोलायचे आहे. घर सुखाचे करणाऱ्या लहान लहान वस्तू बहुतेक घरांत असतात. त्या जागेवर नसतात.

पाण्याचेच पाहा. पोर उन्हातून खेळून येते. हात मातीने भरलेले असतात. तहान लागलेली असते. ते फुलपात्र घेते आणि माठात बुडवते. फुलपात्राबरोबर चार बोटेही पाण्यात जातात. बोटांवरची घाण पाण्यात उतरते. मग तेच पाणी सगळे घर पिते. हगवण, पटकी, कावीळ, विषमज्वर हे रोग असेच पाण्यातून पोटात जातात.

कोणी म्हणेल, "आमच्याकडे आता नळ आलाय." चांगले झाले. घरोघर नळ देण्यासाठी २०१९ साली सरकारने जलजीवन मिशन सुरू केले. त्यातून पुष्कळ गावांत नळ आले. पण बऱ्याच ठिकाणी नळाला पाणी दिवसभर नसते. तास-दोन तास येते, कोठे एक दिवसाआड येते. म्हणून पाणी भरून ठेवावेच लागते. नळातून चांगले आलेले पाणी घरातल्या हंड्यात येऊन बिघडते. यात नळाचा काय दोष?

एकदा आम्ही एका घरी ओसरीवर बसलो होतो. समोरच माठ होता. बसल्या बसल्या आम्ही मोजले. तासाभरात माठात अकरा वेळा हात गेला. घरच्या बाईंना आम्ही ओगराळ्याचे सांगितले. त्या हसून म्हणाल्या, "गुरुजी, ओगराळं हाय की घरात. पर दरवेळी शोधत कोण बसतंय?"

त्यांचे म्हणणे खरे होते. तहानलेला माणूस शोधाशोध करीत नाही. मग आम्ही बोलत बसलो नाही. त्यांच्या मुलाकडून एक खिळा मागून घेतला. माठाच्या वर, भिंतीत ठोकला. भिंत मातीची होती, खिळा लगेच बसला. (सिमेंटच्या भिंतीत साधा खिळा वाकतो. तेथे दाराच्या किंवा खिडकीच्या लाकडी चौकटीत ठोकावा, नाही तर पोलादी खिळा आणावा.) ओगराळे त्यावर अडकवले.

पंधरा दिवसांनी पुन्हा गेलो. ओगराळे जागेवर होते. मोठी माणसे ते वापरीत होती. पण धाकटा मुलगा आला आणि त्याने फुलपात्र सरळ माठात बुडवले. आम्ही बघतच राहिलो. मग लक्षात आले. खिळा आम्ही आमच्या उंचीने ठोकला होता. पाच वर्षांच्या पोराचा हात तिथे कसा पोचणार? चूक आमची. दुसरा खिळा हातभर खाली ठोकला, तेव्हा काम झाले.

ओगराळ्याचा दांडा लांब पाहिजे, म्हणजे हात पाण्याला लागत नाही. दांड्याचे टोक वळवलेले असावे, म्हणजे ते अडकवता येते. ओगराळे जमिनीवर ठेवू नये. माठावर झाकण पाहिजेच. आणि हेच ओगराळे आमटीत घालून पुन्हा माठात घालू नये. पाण्याचे वेगळे ठेवावे.

आता दुसरी वस्तू. तिला तर पैसाही पडत नाही. जुन्या लुगड्याचा तुकडा.

नारूचे नाव तरुणांना ठाऊक नसेल. घरातल्या म्हाताऱ्या माणसांना विचारा. नारू म्हणजे एक जंत. दोऱ्यासारखा बारीक, पण लांबी हात-दीड हात, कधी त्याहूनही जास्त. तो माणसाच्या अंगात वर्षभर वाढायचा. मग पायाला फोड यायचा आणि फोडातून तो बाहेर पडायचा. ओढला तर तुटायचा आणि पाय सुजायचा. म्हणून काडीला गुंडाळून रोज थोडा थोडा काढावा लागे. ऐन पेरणीच्या वेळी धडधाकट गडी खाटेवर पडून राहायचा. पायविहिरीत उतरून पाणी भरणाऱ्या गावांत हा रोग फार. आपला महाराष्ट्रही त्यात होता.

या रोगावर औषध नव्हते. लस नव्हती. आजही नाही. तरी भारतातून नारू गेला. कसा गेला? नारूची पिल्ले पाण्यातल्या एका बारीक किड्याच्या पोटात राहतात. तो किडा दुहेरी फडक्यातून खाली जात नाही, वरच अडकतो. गावोगाव हेच सांगितले गेले. पाणी गाळून प्या. नारू झालेला पाय पाण्यात घालू नका. पायविहिरी बंद करा, हातपंप बसवा. पाण्यात औषध टाकून किडे मारले गेले. १९८४ साली देशात सात राज्यांत मिळून सुमारे ४० हजार रोगी होते. १९९६ साली राजस्थानात जोधपूरकडे शेवटचा रोगी सापडला. २००० साली जागतिक आरोग्य संघटनेने भारत नारूमुक्त झाल्याचे जाहीर केले. या कामात फडक्याचा वाटा मोठा होता.

पुढची हकीकत बांगला देशातली. तिथे पटकी फार. रीटा कोलवेल नावाच्या अमेरिकेतल्या शास्त्रज्ञ बाई आहेत. त्यांनी आणि तिथल्या डॉक्टरांनी मतलब नावाच्या भागात ६५ गावांत प्रयोग केला. काही गावांतल्या बायांना नायलॉनचे गाळणे दिले. काहींना सांगितले, जुन्या साडीच्या चार घड्या घाला आणि त्यातून पाणी गाळा. काही गावांत काहीच सांगितले नाही. २००३ साली निकाल छापून आला. साडीने पाणी गाळणाऱ्या गावांत पटकी जवळजवळ निम्मी झाली होती.

साडी जुनीच का? नव्या कापडाचे धागे घट्ट आणि गुळगुळीत असतात. धुऊन धुऊन धागे फुलतात, त्यांना बारीक लव सुटते, आणि मधली भोके लहान होतात. म्हणून विरलेले सुती लुगडेच चांगले. फाटलेले मात्र नको.

पण एक गोष्ट नीट समजून घ्या. पटकीचा जंतू फार लहान. तो एकटा असला तर फडक्यातूनही जातो. पाण्यातल्या किड्यांना चिकटलेले पुष्कळ जंतू तेवढे अडकतात. म्हणून पटकी निम्मी झाली, सगळी गेली नाही. गाळलेले पाणी उकळावे, नाही तर आशाताईंकडून मिळणारे क्लोरीनचे औषध टाकून अर्धा तास थांबावे. किती थेंब टाकायचे ते बाटलीवर छापलेले असते. आता तुम्हांला वाचता येते. वाचून टाका.

गाळायच्या फडक्याची एक युक्ती आहे. एका कोपऱ्याला रंगीत दोऱ्याचा टाका घाला. टाका नेहमी वर आला पाहिजे. फडके उलटे पडले, तर काल वर अडकलेली घाण आज हंड्यात जाईल. काम झाले की फडके धुऊन उन्हात वाळवा, आणि ओगराळ्याशेजारच्याच खिळ्याला अडकवा.

पाच वर्षांनी त्याच बांगला देशात लोक पुन्हा बघायला गेले. शंभर बायांपैकी ३१ जणी अजून पाणी गाळीत होत्या. बाकीच्यांनी सोडून दिले होते. पाच वर्षे कोणी आठवण करायला नाही, तरी ३१ जणींनी सोडले नाही, हे आम्हांला थोडे वाटत नाही. उरलेल्यांचे फडके कोठे गेले असेल? आम्हांला वाटते, ते हाताशी राहिले नसेल.

आता आमच्याच घरची गोष्ट सांगतो. सांगायला लाज वाटते, पण सांगतो.

पावसाळ्याचे दिवस होते. आमचा पुतण्या तेव्हा दीड वर्षाचा होता. संध्याकाळपासून त्याला जुलाब लागले. रात्री उलट्याही सुरू झाल्या. घरात ओआरएसची पुडी होती. आम्हीच आणून ठेवली होती. गावाला सांगणारे आम्ही, आमच्या घरात नसेल कशी? पण ती होती ट्रंकेत. ट्रंकेला कुलूप. किल्ली वहिनींच्या पेटीत, आणि पेटीत ती सापडेना. वीज गेलेली. अंधारात तासभर शोधाशोध. पोराचे डोळे खोल गेले, रडण्याचा आवाजही निघेना. आई एकसारखी म्हणत होती, "अरे, पुडी होती ना रे घरात?" शेवटी शेजारच्यांच्या टेंपोतून त्याला तालुक्याला नेले. शिरेतून पाणी चढवले. पोर वाचले. डॉक्टर म्हणाले, "घरातून निघतानाच पाणी पाजत आणायला हवं होतं."

जुलाबात पोर मरते ते अंगातले पाणी आणि मीठ गेल्यामुळे. साधे पाणी पाजून भागत नाही. पाण्यात मीठ आणि साखर दोन्ही योग्य मापाने असली, की साखरेबरोबर मीठ आतड्यात शिरते आणि पाठोपाठ पाणी शिरते. १९७१ साली बांगला देशाच्या लढाईत लाखो निर्वासित आपल्याकडे आले. पश्चिम बंगालमध्ये बनगावच्या छावणीत पटकी पसरली. शिरेतून द्यायच्या बाटल्या संपत आल्या. तेव्हा डॉक्टर दिलीप महालनबीस यांनी मीठ, साखर आणि सोडा पाण्यात कालवून पिंपे भरली. रोग्यांच्या नातेवाइकांनाच पेल्यांनी पाजायला सांगितले. आधी शंभरांत तीस माणसे दगावत होती. मग ती चाराच्या आत आली. या डॉक्टरांना २०२३ साली, त्यांच्या मृत्यूनंतर, पद्मविभूषण मिळाले.

पुडी वापरताना तिच्यावरचे माप वाचा. मोठी पुडी एक लिटर पाण्याची असते. लहान पुडीही मिळते, ती एका पेल्याची, २०० मिलिलिटरची. मोठी पुडी एका पेल्यात टाकली तर मिठाचे प्रमाण वाढते आणि पोराला अपाय होतो. आता लिटर मोजायचा कसा? घरोघरचा तांब्या वेगळा. म्हणून विकतच्या पाण्याची एक लिटरची रिकामी बाटली धुऊन पुडीजवळच ठेवा. कालवलेले पाणी २४ तासांत संपवा. उरले तर ओतून द्या. पुडी नसेल, तर एक लिटर स्वच्छ पाण्यात चहाचे सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा सपाट चमचा मीठ घाला. घोट घोट पाजा. उलटी झाली तर दहा मिनिटे थांबा आणि पुन्हा सावकाश पाजा. अंगावरचे दूध तोडू नका. आशाताई जस्ताच्या गोळ्या देतात, त्या सांगितल्याप्रमाणे १४ दिवस द्या. पोर पीत नसेल, मलूल पडले असेल, डोळे खोल गेले असतील, शौचात रक्त असेल, तर घरी थांबू नका. दवाखान्याची वाट धरा, आणि वाटेतही पाजत जा.

साबणाचेही असेच आहे. तो असतो न्हाणीत. शौचाहून आलेला माणूस हात धुतो अंगणात. साबण आणायला आत कोण जातो? साबणाचा तुकडा जाळीच्या पिशवीत घाला आणि हात धुण्याच्या जागी दोरीने टांगा. विरघळत नाही, मातीत पडत नाही. अंगणात नुसता ठेवला तर कावळा उचलून नेतो. कावळ्याला साबण का लागतो, ते त्यालाच ठाऊक. आमचे दोन गेले.

पाण्याच्या पिंपासाठी काथ्या नाही तर नारळाची शेंडी पुरे. डेंग्यूचा डास स्वच्छ साठवलेल्या पाण्यातच अंडी घालतो. आठवड्यात एक वार ठरवा. त्या दिवशी पिंप पालथे करा आणि आतून घासा. नुसते ओतून चालत नाही, अंडी कडांना चिकटून राहतात.

आमच्या घरी ती ट्रंक अजून आहे. पुडी आता तिच्यात नसते. स्वयंपाकघराच्या दाराशी खिळ्याला एक कापडी पिशवी टांगली आहे. तिच्यात दोन पुड्या, लिटरची बाटली, एक चमचा आणि एक लहान बॅटरी. आई गेल्या वर्षापासून साक्षरतेच्या वर्गाला जाते. परवा तिने पिशवी काढली आणि पुडी डोळ्यांजवळ धरून एकेक अक्षर लावीत बसली. मग हाक मारून म्हणाली, "अरे, हिची तारीख मागल्या महिन्यात संपली की!" संध्याकाळी आम्ही आशाताईंकडून दोन नव्या पुड्या आणल्या.