भिंतीवरचा मजकूर

पूर्वी भिंतींना कान असत. हल्ली लोक भिंतीवर लिहितात आणि साहेब वाचतात! आमचे शेजारी सरकारी नोकर. एके काळी फेसबुकावर रोज शेरेबाजी करीत. आता नुसती गुलाबांची चित्रे टाकतात. कारण जुलै २०२५ चा शासननिर्णय : खाजगी व कार्यालयीन खाते वेगळे ठेवावे, शासनाच्या धोरणांवर टीका करू नये, नपेक्षा १९७९ च्या वर्तणूक नियमांखाली शिस्तभंगाची कारवाई.

त्यांना मी त्रिपुरातल्या मत्स्यखात्याच्या एका कारकूनबाईंची हकिकत सांगितली. निवृत्तीला चारपाच दिवस उरले असता, एप्रिल २०१८ मध्ये, बाई निलंबित झाल्या. अपराध? एका राजकीय सभेला हजेरी आणि फेसबुकावरचा मजकूर. बाई उच्च न्यायालयात गेल्या. जानेवारी २०२० मध्ये मुख्य न्यायमूर्ती अकील कुरेशी यांनी निकाल दिला : नोकरी पत्करली म्हणून भाषणस्वातंत्र्य संपत नाही, नियमांची मर्यादा तेवढी पाळावी, आणि सभेला हजर राहणे म्हणजे सभेत भाग घेणे नव्हे. (हा भेद व्याकरणाच्या मास्तरालाही आवडावा.) कारवाई रद्द झाली.

शेजारी क्षणभर गप्प राहिले. मग म्हणाले, “निकाल उत्तम हो, मास्तर. पण मधली पावणेदोन वर्षे बाईंनी कशी काढली, ते लिहिलंय का त्यात?”