तांबडा गाळ, ॲल्युमिना उद्योगातील

तांबडा गाळ, ॲल्युमिना उद्योगातील : बॉक्साइटापासून ॲल्युमिना मिळविताना मागे राहणारा क्षारधर्मी अवशेष. त्याचा रंग लोह ऑक्साइडामुळे येतो. कार्ल योझेफ बायर यांनी १८८८ मध्ये शोधलेल्या पद्धतीत दळलेले बॉक्साइट दाहक सोड्याच्या तप्त विद्रावात दाबाखाली शिजवितात. ॲल्युमिना विरघळते, लोह व टिटॅनियम यांची ऑक्साइडे आणि सिलिकेची संयुगे गाळात उरतात. एक टन ॲल्युमिनामागे सामान्यतः १ ते १·५ टन गाळ निघतो.

कोल्हापूर जिल्ह्यातील चंदगड व राधानगरी भागांतील बॉक्साइट बेळगावच्या कारखान्यात (पूर्वीची इंडियन ॲल्युमिनियम कंपनी, आता हिंदाल्को) वापरले गेले आहे. हे बॉक्साइट बेसाल्टापासून बनलेले असल्याने त्याच्या गाळात टिटॅनियम पुष्कळ असते.

गाळ धुऊन त्यातील सुटा सोडा बराचसा परत मिळतो. खरी अडचण बद्ध सोड्याची आहे. सिलिकेशी विक्रिया होऊन तो सोडियम-ॲल्युमिनोसिलिकेटाच्या कणांत अडकतो व पुढे सावकाश पाण्यात उतरत राहतो. त्यामुळे अम्लाने गाळ उदासीन केला, तरी काही काळाने त्याचे पीएच मूल्य पुन्हा चढते. एकाच दिवशी केलेली परीक्षा म्हणूनच फसवी ठरते.

किनाऱ्यावरील कारखान्यांत समुद्राचे पाणी वापरतात. त्यातील मॅग्नेशियम व कॅल्शियम यांच्यामुळे क्षार अविद्राव्य संयुगांच्या रूपात खाली बसतो. ऑस्ट्रेलियात गाळातून कार्बन डाय-ऑक्साइडही सोडला गेला आहे. बेळगावसारख्या समुद्रापासून दूरच्या ठिकाणी जिप्सम अधिक सोयीचे. ते व शेणखत मिसळल्यास ढिगावर गवत रुजू शकते. गाळ पातळ स्वरूपात तळ्यात साठविण्यापेक्षा पाणी काढून रचणे सुरक्षित असते. हंगेरीत ऑयका येथे ४ ऑक्टोबर २०१० रोजी तळ्याचा बांध फुटून दहा माणसे दगावली व अनेकांना दाहक द्रवाने भाजले. नद्यांत जिप्सम व अम्ल ओतावे लागले. झारखंडमधील मुरी येथेही २०१९ मध्ये ढीग कोसळला.

मोठ्या प्रमाणावरील उपयोग मुख्यतः सिमेंटमध्ये होतो. भट्टीच्या कच्च्या मिश्रणाला लागणारे लोह व ॲल्युमिना गाळातून मिळतात. परंतु सोड्यामुळे तो थोडाच, बहुधा काही टक्के, मिसळता येतो. विटा, लोह, टिटॅनियम व स्कँडियम यांसाठीही प्रयोग झाले असून नागपूरच्या जवाहरलाल नेहरू ॲल्युमिनियम संशोधन केंद्रात या गाळावर संशोधन होते. धातू काढणे शक्य असले, तरी त्याचा खर्च व मागे उरणारा नवा अवशेष हे प्रश्न राहतात.